उजेड येतो म्हणून नापास

आमचे बाबा एजंट झाले.

असं काहीही झालेलं नाही. आमचे बाबा, म्हणजे दीनानाथ टिपणीस, न्हावा शेवा बंदरातल्या एका क्लिअरिंग ऑफिसातून निवृत्त झाले आणि तेव्हापासून निवृत्तच आहेत. जुन्या पनवेलमधल्या आमच्या हॉलमध्ये सकाळी सकाळी चपला काढून जी माणसं बसलेली असतात ते पाहुणे आहेत. त्यांची नावं आम्हाला माहीत नाहीत, पण पाहुण्यांना नाव असलंच पाहिजे असा काही कायदा नाही. बाबांना दिवसभर जे फोन येतात ते प्रकृतीच्या चौकशीचे असतात. 'टू बीएचके, पूर्वेकडे तोंड, पार्किंगसकट' ही एका लांबच्या नातेवाइकाची प्रकृती आहे. आमच्या घराची ही अधिकृत भूमिका आहे, आणि मी अजून त्याच घरात राहतो. तेव्हा पहिलं वाक्य सोडून द्या.

मुद्दा एवढाच होता की मला आणि अनुयाला एक दार हवं होतं.

आमच्या वन बीएचकेत दारं तीन. एक बाहेरचं, एक आईबाबांच्या बेडरूमचं आणि एक बाथरूमचं. लग्नानंतर आम्ही हॉलमध्ये झोपायला लागलो तेव्हा आमच्या वाट्याला पडदा आला. पडद्यावर हत्ती होते. बेडरूममधून स्वयंपाकघरात जायचा रस्ता या हत्तींच्या कडेकडेने जातो आणि बाबा पहाटे पाणी प्यायला उठतात. पडद्यापाशी थांबतात, खाकरतात आणि म्हणतात, "मी बघत नाहीये." मग जातात. पाणी पिऊन परत येताना पुन्हा तेच. माणूस गजराने जागा होतो हे खरं, पण "मी बघत नाहीये" ऐकून जेवढा जागा होतो तेवढा गजराने होत नाही.

एका रविवारी अनुयाने चहाचा कप खाली ठेवला आणि सांगितलं, "सुशांत, मला बाल्कनी नको. मला समोर डोंगर नको, खाली स्विमिंग पूल नको. मला एक दार पाहिजे. त्याला आतून कडी पाहिजे. बस."

"बजेटमध्ये बसेल," मी म्हणालो.

"आणि ती कडी लावली की बाहेर कोणी खाकरता कामा नये."

"ते बजेटच्या बाहेर जाईल."

आईचा आम्हाला पूर्ण पाठिंबा होता. माझी आई, शशिकला, ही कमी बोलणारी बाई आहे. ती फक्त म्हणाली, "जा बाबांनो. तुम्ही पडद्यामागे एवढे गप्प असता की मला रात्रभर वाटतं काहीतरी झालंय."

घर घ्यायचं आम्ही घरात ठरवलं आणि जिना उतरून खाली येईपर्यंत कल्पेशला कळलेलं होतं. कल्पेश मूळचा चिरनेरचा, आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याचं इस्टेट एजंटचं ऑफिस. ऑफिस म्हणजे काचेचं दार, आत एक टेबल, भिंतीवर पनवेलचा नकाशा. नकाशात विमानतळाभोवती लाल गोल काढलेला होता आणि त्या गोलात पेणसुद्धा आलं होतं.

"या दादा, या वहिनी," कल्पेश म्हणाला. "बसा. फ्लॅट ना? फ्लॅटचं टेन्शन नको. फ्लॅट काय, कोणीपण दाखवेल. वॉचमन दाखवेल. आपलं काम वेगळं हाय."

"काय वेगळं?" अनुयाने विचारलं.

"फादर कोण बघतो?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"फ्लॅट बघायला फादर येणार ना बरोबर? येतातच. दादा-वहिनी वर जाऊन फ्लॅट बघणार, फादरला मी खाली ठेवणार. चहा, क्रीम रोल, विमानतळाचा विषय. फादर खूश, तुम्ही मोकळे. आतापर्यंत आपल्या एकापण पार्टीचा फादर वरपर्यंत पोचलेला नाय."

अनुया पुढे सरकून बसली. लग्नात सप्तपदीच्या वेळीसुद्धा तिच्या चेहऱ्यावर मी एवढा विश्वास बघितला नव्हता.

पण बाबा आमच्या मागेच उभे होते. ते भाजी आणायला म्हणून निघालेले होते आणि पिशवी रिकामी होती.

"चल सुशांत," बाबा म्हणाले. "एकाला घर विकायचंय, एकाला घ्यायचंय. मध्ये तिसरा माणूस कशाला? टिपणिसांच्या घरात एजंट चालणार नाही."

रस्त्यात अनुया म्हणाली, "बाबा, पण तुम्हीसुद्धा एजंटकडेच नोकरी केली ना? क्लिअरिंग एजंट?"

"तो मालाचा एजंट. मालाला मत नसतं. पंख्यांनी भरलेला कंटेनर कधी 'आमच्या सुनेला पसंत नाही' असं म्हणतो का?"

"नाही."

"मग."

आणि असा आमचा एजंटशिवाय घर शोधण्याचा कार्यक्रम सुरू झाला. त्याचे प्रमुख बाबा झाले, कारण एजंट नको म्हटल्यावर एजंटाची सगळी कामं कोणीतरी करावी लागतात.

पहिला फ्लॅट करंजाड्यात होता. मालक एक सभ्य गृहस्थ. त्याच वेळी पुण्याहून आलेलं एक जोडपंही तो बघायला आलं होतं, इंद्रजीत आणि रुचिरा. सगळे छान बोलत होते. मालक "विमानतळ इथून दहा मिनिटं" म्हणाले. पनवेलमध्ये कुठलीही जागा विमानतळापासून दहा मिनिटांवरच असते, विमानतळसुद्धा. तेवढ्यात बाबा म्हणाले, "सगळ्यांनी जरा बाहेर या."

सगळे जिन्यात आले. बाबांनी आत जाऊन दार लावून घेतलं.

"काय करतायत?" मालकांनी विचारलं.

मला माहीत होतं, पण सांगायला लाज वाटत होती. रिकामा कंटेनर माल भरायच्या आधी तपासतात, त्याची एक पद्धत आहे. एक माणूस आत जातो, दार बंद करून घेतो आणि अंधारात उभा राहतो. पत्र्याला भोक असेल तर तिथून उजेड आत येतो. जिथून उजेड येतो तिथून बोटीवर पाणी येणार, म्हणून तो कंटेनर नापास. बाबांनी जन्मभर हेच केलं. अंधारात उभं राहून त्यांनी आमचं घर चालवलं.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. बाबा गंभीर होते.

"नापास," ते म्हणाले.

"का?" मालकांनी विचारलं.

"उजेड येतोय."

"कुठून?"

"सगळीकडून."

"बाबा," मी हळूच म्हणालो, "खिडक्या आहेत त्या."

"मी कारण विचारलं का? येतोय की नाही येतोय?"

"येतोय."

"मग पावसात पाणी येईल. मालाची जबाबदारी कोण घेणार?"

मालक म्हणाले, "अहो, कसला माल?"

बाबांनी अनुयाकडे बोट दाखवलं.

खरं तर विषय इथे संपायला हवा होता. पण इंद्रजीत त्या बोलण्याने हलला होता. जिना उतरताना तो बाबांच्या शेजारी आला. "काका, आम्ही इथे टोकन देणारच होतो. आम्हाला तर तो उजेड चांगलाच वाटला."

"पहिल्यांदा सगळ्यांना वाटतो," बाबा म्हणाले.

"काका, पुढच्या रविवारी तुम्ही कुठला बघताय?"

बाबांनी सांगितलं. माणसाला चाळीस वर्षं कोणी काही विचारलेलं नसतं आणि मग एखादा पुण्याचा मुलगा विचारतो. कोण गप्प बसेल?

पुढच्या रविवारी इंद्रजीत आणि रुचिरा आमच्या आधी हजर होते. बरोबर इंद्रजीतच्या ऑफिसातली दोन जोडपी होती. कामोठ्याचा तो फ्लॅट नापास झाला. त्याच्या पुढचा खांदा कॉलनीतला नापास झाला. त्याला तर चारी बाजूंनी खिडक्या होत्या. बाबा आत जाऊन लगेच बाहेर आले आणि नुसती मान हलवली. जिन्यातल्या माणसांनीही मान हलवली. रविवारमागून रविवार गर्दी वाढत गेली. लोक डबे आणायला लागले. एका बिल्डिंगचा वॉचमन म्हणाला, "वर कोणी वारलंय का?" तेव्हा एक बाई म्हणाल्या, "नाही हो, टिपणीस काका अंधारात उभे आहेत." वॉचमनने टोपी काढली.

अनुया मात्र प्रत्येक फ्लॅटमध्ये एकच गोष्ट करायची. गडबड सुरू व्हायच्या आत बेडरूममध्ये जायची, दार लावायची, कडी घालून बघायची. बाहेर यायची तेव्हा चेहरा पडलेला असायचा. बिल्डरने लावलेल्या कड्या म्हणजे आमच्या पडद्याच्या चुलतबहिणी. जोरात फुंकर मारली तरी उघडतील.

"कल्पेशकडे जाऊ या का?" ती मला रोज विचारायची.

"बाबांना काय सांगायचं?"

"काही सांगायचं नाही. त्यांना क्रीम रोल द्यायचा."

पण आम्ही गेलो नाही. बाबा इतके खुशीत होते की पहाटे "मी बघत नाहीये"च्या ऐवजी "बघतोय बघतोय, तुमच्यासाठी चांगलाच बघतोय" म्हणायला लागले होते.

मग दमयंतीबाईंचा फ्लॅट आला.

दमयंतीबाई उरणजवळच्या करंजाच्या. नवऱ्याची, दादूंची, स्वतःची मासेमारीची बोट. मुलांच्या कॉलेजसाठी म्हणून नवीन पनवेलमध्ये हा फ्लॅट घेतला होता. पण त्यांनी बाल्कनीत बोंबील वाळत घातले आणि सोसायटीने सभा बोलावली. दमयंतीबाईंनी सभेत विचारलं, "तुमी लोणच्याची बरणी उन्हात ठेवता तवा आमी सभा बोलावतो का?" त्यावर कोणाकडे उत्तर नव्हतं, म्हणून सोसायटीने ठराव केला. दमयंतीबाईंनी फ्लॅट विकायला काढला.

आम्ही सकाळी लवकर पोचलो. मागे नेहमीची मंडळी होतीच, सगळा जिना भरलेला. अनुया नेहमीप्रमाणे आधी बेडरूममध्ये गेली. आणि मला आवाज आला.

खट्ट.

तो आवाज मी याआधी कुठल्याही दाराचा ऐकला नव्हता. तो आवाज म्हणजे एखाद्या वजनदार माणसाने दिलेला शब्द होता. थोड्या वेळाने कडी निघाली. अनुया दारात उभी होती आणि तिचे डोळे भरून आले होते.

"सुशांत, ये इकडे. हात लावून बघ."

पितळी कडी होती, मनगटाएवढी जाड.

"बोटीवर बर्फाच्या खणाला लावतात ती हाय," दमयंतीबाई म्हणाल्या. "बिल्डरची कडी मला नाय पटली. मांजर लोटून आत येईल असली. आमच्या सुताराकडून ही मारून घेतली. दर्यात उधाण आलं तरी नाय हलत."

"हाच," अनुया माझ्या कानात म्हणाली. "हाच घ्यायचा. मला बाकी काही बघायचं नाही. आत्ता, बाबा काही करायच्या आत, हो म्हण."

मी तोंड उघडलं आणि मागून बाबांचा आवाज आला. "सगळ्यांनी जरा बाहेर या."

जिन्यात अनुयाने माझा हात धरला होता. तो इतका घट्ट धरला होता की त्यालाही कडी म्हणता आलं असतं. "नापास होणार," ती म्हणाली.

"झाला तर झाला. तरी आपण घेऊच."

"बाबा नापास म्हणाले तर हे सगळे घरी जातील, आणि आपण निवांत घेऊ. सुशांत, नापासच होऊ दे."

मी मनातल्या मनात देवाकडे मागितलं की उजेड येऊ दे. जिन्यात उभं राहून असं मागणारा मी बहुधा एकटाच असेन. आणि तेव्हाच माझ्या लक्षात आलं की आत खिडक्यांच्या जागी नुसतं निळं निळं का दिसत होतं. कबुतरांचा त्रास नको म्हणून दमयंतीबाईंनी प्रत्येक खिडकीला बाहेरून बोटीची जाड निळी ताडपत्री ठोकली होती. आत आम्ही ट्यूबलाइटमध्ये फिरत होतो.

बाबा आतून बाहेर येईनात. शेवटी दार उघडलं. बाबांनी चष्मा काढून पुसला.

"पास," ते म्हणाले. "ठार अंधार. माझा हात मला दिसला नाही. हा फ्लॅट उचलून समुद्रात टाका, आतला माल कोरडा राहील."

जिन्यातून एक उसासा निघाला आणि वरच्या मजल्यापर्यंत गेला. मग सगळी माणसं एकदम पुढे सरकली.

दमयंतीबाईंनी ती गर्दी पाहिली. त्या जन्मभर करंजाच्या धक्क्यावर बोटीचा माल लिलावात विकत आलेल्या. समोर एवढी गिऱ्हाइकं उभी, सगळ्यांना एकच वाटा हवा. अशा वेळी काय करायचं असतं हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी पदर खोचला आणि पायरीवर उभ्या राहिल्या.

"बोला. एकच हाय. पहिला कोण बोलतो?"

"आम्ही," अनुया म्हणाली.

मी हात वर केला. पण जिन्यात तोवर इतके हात वर गेले होते की माझा कुठला ते मलाच कळेना. आकडे मी सांगत नाही. त्या दिवशी जिन्यात आकड्यांना इतका भाव आला होता की अजून ते खाली उतरलेले नाहीत. सांगायचं ते एवढंच की दमयंतीबाई एकेका आकड्यावर थांबून विचारायच्या, "माल चांगला हाय ना? काका, तुमीच सांगा," आणि बाबा सांगायचे.

"एक नंबर," बाबा सांगायचे.

"बाबा," मी खालून म्हणालो, "तुम्ही आपल्या बाजूने आहात."

"मी मालाच्या बाजूने आहे."

"आपल्याला घ्यायचाय हा फ्लॅट."

"तू थांब जरा. गिऱ्हाइकं उभी आहेत."

"मीच गिऱ्हाईक आहे."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. शाळेच्या स्नेहसंमेलनात मुख्य पाहुणे भाषण करत असताना मधेच आपला मुलगा 'बाबा शू' म्हणाला तर माणूस जसा बघेल तसं पाहिलं. मग ते इंद्रजीतकडे वळले. "बोला, तुम्ही काहीतरी बोलत होता."

इंद्रजीत बोलला. शेवटचा तोच बोलला. दमयंतीबाईंनी त्याच्या हातावर टाळी दिली आणि संपलं.

अनुया पायऱ्या चढून दमयंतीबाईंपाशी गेली. "मावशी, थोडं थांबा. आम्ही अजून वर जातो. कर्ज वाढवून घेऊ."

दमयंतीबाईंना वाईट वाटलं, ते दिसत होतं. "पोरी, आता नाय. सकाळची भवानी झाली. पहिल्या गिऱ्हाइकाच्या हातावर टाळी दिली आन् मागे घेतली, तर वर्षभर जाळ्यात नुसते दगड येतील. दादू मला घरात घेणार नाय."

"पण आधी आम्ही आलो होतो."

"आलात खरं. पण तुमच्या काकांनीच तर विकला ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी दमयंतीबाई आमच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी बाबांना ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक सुरमई दिली. ती सुरमई आमच्या ओट्यावर मावेना. शेपटी खिडकीबाहेर गेली.

"हे काय?" त्या गेल्यावर आईने विचारलं.

"भेट," बाबा म्हणाले.

"बाबा, ही दलाली आहे," अनुया म्हणाली.

"दलालीला काटे नसतात," बाबा म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडलं.

आईने सुरमई केली. अर्धी तळली, अर्धीचं कालवण. अनुया जेवणार नव्हती. मग थोडीशी जेवली. मग परत मागितली. या प्रकरणातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे ती सुरमई फार चांगली झाली होती.

त्यानंतर पाहुणे यायला लागले. मी सुरुवातीला सांगितलंच, ते पाहुणे आहेत. ते आमच्या हॉलमध्ये बसतात, आणि हॉलमध्ये पडद्यामागे आम्ही झोपलेले असतो. बाबा त्यांना नमुना दाखवतात. हळूच पडदा बाजूला करून म्हणतात, "हे बघा, यांच्या तोंडावर उजेड येतोय ना? म्हणजे ही जागा नापास. अशी घ्यायची नाही." पाहुणे वाकून बघतात. एक गृहस्थ एकदा म्हणाले, "आणि हे दोघं जागेबरोबर येतात का?" बाबा म्हणाले, "बोलणी करून बघू."

त्या दिवशी अनुया दात न घासता कल्पेशकडे गेली. मीही गेलो. तो ऑफिसच्या बाहेर टेम्पोत निळ्या ताडपत्र्या भरत होता.

"कल्पेश, आम्हाला एजंट पाहिजे," अनुया म्हणाली. "तुझ्या अटींवर. फादर खाली, आम्ही वर."

कल्पेशने ताडपत्री खाली ठेवली. "वहिनी, मी तवाच बोललो होतो. लोक विचारतात एजंट घेऊन काय फायदा. फ्लॅट बघायला एजंट लागतच नाय. फादरला चहाच्या टपरीवर बसवायला लागतो. फायदा तेवढाच हाय, पण लय मोठा हाय."

"कळलं आता. मग ठेव त्यांना खाली."

"आता नाय जमणार."

"का?"

कल्पेशने मान खाली घातली. "मी काकांकडे लागलो. एक तारखेपासून. ते बघायला जायच्या आधी मी जाऊन ताडपत्र्या ठोकतो. आता सगळे फ्लॅट पास होतात."

"सगळे पास होतात? मग त्यातला एक आम्हाला दे ना."

"काकांना विचारलं मी तुमच्यासाठी. ते बोलले, आधी बाहेरची पार्टी. घरचे काय, पडद्यामागे हायतच."

परत येताना खाली जिन्यात इंद्रजीत भेटला. तो बाबांकडे तक्रार घेऊन चालला होता. रुचिराने नव्या घरातल्या ताडपत्र्या काढून टाकल्या होत्या आणि आता सगळीकडून उजेड येत होता. त्याच्या हातात एक पिशवी होती. अनुयाला बघून तो ओशाळला.

"वहिनी, हे तुमच्यासाठी. रुचिराने बेडरूमला नवीन लॅच बसवलं. ती म्हणाली, तुम्ही त्या दिवशी या कडीपाशी खूप वेळ उभ्या होतात."

पिशवीत ती पितळी कडी होती. अनुयाने ती दोन्ही हातांत घेतली. घरी आणून पुसली, खोबरेल लावलं, उशाशी ठेवली. आता आमच्याकडे दर्याच्या उधाणात न हलणारी कडी आहे आणि ती लावायला हत्तींचा पडदा आहे. आम्ही पडद्याला ती बांधून बघितली. पडदा पडला. हत्तींवरून चार पाहुणे आमच्याकडे बघत होते आणि बाबा म्हणाले, "मी बघत नाहीये."

त्या रविवारी अनुयाने माझ्यासमोर कागद ठेवला आणि म्हणाली, "लिही." मी लिहिलं ते असं.

प्रति,
मा. यार्ड व्यवस्थापक,
रिकामे कंटेनर विभाग, न्हावा शेवा.

विषय : निवासासाठी एक रिकामा कंटेनर मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, आम्ही खाली सही करणारे पती-पत्नी असून आम्हास एका दाराची नितांत आवश्यकता आहे. शहरातील सर्व सदनिका अर्जदाराच्या वडिलांनी अंधारात उभे राहून तपासल्या असून पास झालेल्या सर्व अन्य पक्षांस विकल्या आहेत. सबब, आपल्या यार्डातील पूर्वीच पास झालेला एक वीस फुटी कंटेनर आम्हास राहण्यासाठी देण्यात यावा. आम्हास खिडकी, बाल्कनी व विमानतळ यांची अपेक्षा नाही.

कंटेनरचे दार बाहेरून बंद होते याची अर्जदारांस जाणीव आहे. ते आतून बंद होईल असे करून मिळावे. कडी अर्जदारांकडे आहे. ती स्वखर्चाने बसवून घेण्यात येईल.

सदर कंटेनर जहाजावर चढवला गेल्यास अर्जदारांची हरकत असणार नाही. बंदर कोणतेही चालेल.

तरी कंटेनर कोणत्याही मध्यस्थाशिवाय थेट मिळावा, आणि तो दाखवतेवेळी अर्जदाराच्या वडिलांस मुख्य गेटवरच थांबवून एक चहा व एक क्रीम रोल देण्याचे आदेश संबंधितांस व्हावेत, ही नम्र विनंती.